सांध्यावरचा आळ

रुखवत मांडायचं असो की पुतणीचा वाढदिवस असो, सुरतेतल्या मराठी घरांत नटव्या बाहुलीचा विषय निघाला की एक ठरलेला सल्ला मिळतो: ‘कोपर-गुडघ्यात वाकणारी घेऊ नको, चार दिवसांत खिळखिळी होते. चांगली जड, घट्ट, एकसंध बघून घे.’ लिंबायत-डिंडोलीतल्या आत्या-मावश्या हेच सांगतात. चौटा बाजारातला दुकानदारही बाहुली काउंटरवर आपटून दाखवतो आणि म्हणतो, ‘बेन, एकदम मजबूत छे.’ घेणारे आणि विकणारे यांचं एकमत सहसा होत नाही. इथे ते झालं आहे, म्हणूनच ते तपासायला हवं.

या मताचे चार भाग पडतात. पहिला, सांधा ही मुळातच कच्ची जागा, म्हणून सांधे जितके कमी तितकं आयुष्य जास्त. दुसरा, जड आणि कडक ते टिकाऊ. तिसरा, पूर्वीच्या बाहुल्या टिकायच्या, हल्लीच्या टिकत नाहीत. चौथा, खोक्यावर आयएसआयचा शिक्का असला की टिकाऊपणाची काळजी मिटली. शिवाय या चारींची एक शेपटी आहे: बाहुली पॉलिथिनच्या पिशवीतून काढूच नये, म्हणजे ती नवीच्या नवी राहते.

या मतामागे अनुभव आहे, हे मान्य. सांधा निखळलेली बाहुली सगळ्यांनी पाहिली आहे. पण त्या अनुभवातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. बाहुलीचं आयुष्य सांध्यांची संख्या ठरवत नाही. ती कशाची केली आहे, तिच्या अंगाला काय लागून राहतं आणि बिघडलेला भाग दुरुस्त करता येतो का, या तीन गोष्टी ते ठरवतात. बाकीच्या खुणा बाजाराच्या सोयीच्या आहेत.

आधी सांध्यावरचा आळ पाहू. रोममध्ये १८८९ साली न्यायालयाच्या इमारतीचा पाया खणताना क्रेपेरेइया ट्रिफेना नावाच्या तरुणीची दगडी शवपेटी सापडली. ती इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली. तिच्यात एक हस्तिदंती बाहुली होती. खांदे, कोपर, मांड्या आणि गुडघे वेगळे घडवून जोडलेले, डोक्यावर त्या काळच्या श्रीमंत बायकांसारखी केशरचना, आणि सोबत बाहुलीच्या मापाचा शृंगाराचा सरंजाम. सगळ्या अर्थांनी ती सांध्यांची फॅशन बाहुली होती. सुमारे सतराशे वर्षांनंतरही तिचे अवयव जागच्या जागी जोडता आले. यावर कोणी म्हणेल की थडग्यात निजलेल्या बाहुलीशी कोणी खेळलं नाही, तेव्हा हा दाखला लंगडा आहे. आक्षेप रास्त आहे. या दाखल्याने एवढंच सिद्ध होतं की जोड असणं म्हणजे आयुष्य कमी असणं नव्हे. वापराचा दाखला हवा असेल तर तो आपल्याकडेच आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत काळसूत्री बाहुल्या पिढ्यान्पिढ्या नाचवत आले आहेत. ही परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या बाहुल्यांचा सगळा खेळच हात-मान हलण्यावर उभा आहे. दोरी झिजली की दोरी बदलतात, बाहुली फेकून देत नाहीत.

प्लॅस्टिकच्या दुनियेतही सांधा म्हणजे कच्ची जागा हे सरसकट खरं नाही. शाम्पूच्या बाटलीचं उघडझाप करणारं झाकण पाहा. त्याची बिजागरी म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा कागदासारखा पातळ पट्टा. बाटली संपते, पट्टा तुटत नाही, कारण वाकवताना त्या प्लॅस्टिकच्या रेणूंच्या साखळ्या एका दिशेने ओढल्या जाऊन तो आणखी चिवट होतो. तोच पट्टा पॉलिस्टायरीनचा केला तर पहिल्या वाकवण्यातच टचकन मोडेल. सांधा एकच, द्रव्य वेगळं, निकाल उलटा.

बाहुलीत मात्र सांध्यासांध्यांत फरक आहे, आणि लोकमत तिथेच फसतं. १९५९ ची पहिली बार्बी मान, दोन खांदे आणि दोन मांड्या एवढ्या पाचच ठिकाणी हलायची. १९६५ मध्ये तिचा गुडघा वाकू लागला, १९६७ मध्ये कंबर फिरू लागली, आणि २०१५ च्या सुमारास ‘मेड टू मूव्ह’ मालिकेत सांध्यांची संख्या २२ वर गेली. १९६५ चा गुडघा वरून दिसत नाही. तो मऊ कातडीखाली दडवलेला असतो आणि वाकवला की आत कटकट वाजतो. २०१५ चा गुडघा उघडा आहे: मांडी वेगळी, पोटरी वेगळी, मध्ये जोडतुकडा आणि खीळ. दिसायला पहिला सुंदर, म्हणून बाजाराला तो ‘एकसंध’ वाटतो. खरं तर धोका त्याच्यातच जास्त. गुडघा वाकवून मागून नीट पाहा: लवणीत कातडी दुमडून सुरकुती पडते. ती सुरकुती वारंवार त्याच जागी पडते आणि पुढे तिथेच चीर जाते. आत काय बिघडलं ते पाय कापल्याशिवाय कळत नाही. उघडा सांधा सैल झाला तर निदान सैल झाल्याचं दिसतं आणि घट्ट करता येतो. दडवलेला सांधा तुटला की बाहुलीच गेली. म्हणजे आत्याबाई ज्या वाकणाऱ्या बाहुलीला नावं ठेवतात, तिच्यातही दोन जाती आहेत आणि त्यांतली एकच बदनामीला पात्र आहे.

आता खरा आरोपी. बहुतेक फॅशन बाहुल्यांचं डोकं आणि बरेचदा पायही मऊ पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात नळाच्या पाइपासारखं टणक. त्याला कातडीसारखं मऊ करायला त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य मिसळतात, कधी कधी वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. हे द्रव्य पीव्हीसीशी रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं. ते आत नुसतं वस्तीला असतं आणि वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येत राहतं. बाहेर आलं की अंग चिकट होतं, धूळ धरतं, आणि आतला माल ताठर होऊन चिरतो. हे घरात पाहायचं असेल तर मुलांचा कंपासपेटीतला पांढरा खोडरबर घ्या. तोही बहुतेक वेळा मऊ पीव्हीसीचाच असतो. कागदी वेष्टन काढून तो प्लॅस्टिकच्या पट्टीवर महिनाभर पडू दिला तर पट्टीला चिकटतो आणि उचलल्यावर पट्टीवर वितळल्यासारखी खाच दिसते. रबरातलं द्रव्य पट्टीत शिरलेलं असतं. बाहुलीच्या अंगात हेच चालतं: मऊ डोकं कडक मानेच्या गुंडीवर, मऊ पाय कडक धडाला टेकलेले.

जुन्या बार्बी जमवणाऱ्यांच्या तक्रारी ऐका, म्हणजे खटल्याचा निकाल लागतो. साठच्या दशकातल्या बाहुल्यांचे कान हिरवे पडतात, कारण धातूच्या कर्णफुलांतलं तांबं मऊ पीव्हीसीच्या सहवासात गंजतं आणि तो हिरवा डाग कानात मुरतो. पाय चिकट होतात. चेहरा फिका पडतो. अलीकडच्या काही बाहुल्यांत केस पक्के करायला डोक्याच्या आत घातलेला डिंक झिरपून केस कायमचे चिपचिपीत होतात. यांतल्या एकाही दुखण्याचा सांध्याशी संबंध नाही. मानेला चीर जाणं हे एकच दुखणं सांध्यापाशी घडतं, आणि तिथेही मूळ कारण हेच की प्लास्टिसायझर गमावून ताठर झालेली मान कडक गुंडीवर ताणलेली असते.

जपानच्या व्होक्स कंपनीने १९९९ मध्ये ‘सुपर डॉल्फी’ आणली. तिथून लोकप्रिय झालेल्या गोळीसांध्याच्या रेझिन बाहुल्या हा दुसरा पुरावा. त्यांचे अवयव आतून ताणलेल्या इलॅस्टिकने धरलेले असतात. इलॅस्टिक काही वर्षांनी सैल पडतं. मग नवं ओवलं की बाहुली पुन्हा ताठ उभी राहते. पण तिचं पॉलियुरेथेन रेझिन उन्हाने पिवळं पडतं, आणि त्या पिवळेपणाला उतारा नाही. सांधा बदलता येतो, द्रव्य बदलता येत नाही.

सुरतेला या प्रकरणात एक खास वाटा आहे. इथल्या घराघरांत साड्यांचं कातरण असतं, आणि रुखवताच्या बाहुलीला नऊवारी नेसवायला त्याच्याहून स्वस्त नि सुंदर काही नाही. हे कातरण बहुधा पॉलिएस्टरचं. पॉलिएस्टर रंगवतात डिस्पर्स रंगांनी, १३० अंशांच्या आसपास, दाबाखाली. हे रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, म्हणून साडी धुताना पाणी स्वच्छ निघतं आणि आपण म्हणतो, ‘रंग पक्का आहे.’ पण तेच रंग प्लास्टिसायझरमध्ये मजेत विरघळतात. गडद लाल, काळं किंवा निळं कापड मऊ पीव्हीसीच्या पायाला महिनोन्‌महिने बिलगून राहिलं की रंग कापड सोडून पायात शिरतो, आणि आत शिरलेला डाग पुसून जात नाही. कापडाचा रंग पीव्हीसीच्या लेपात किती उतरतो हे मोजायची आयएसओ १०५-एक्स१० नावाची स्वतंत्र चाचणीच आहे. म्हणजे कापड उद्योगाला हा प्रकार नीट ठाऊक आहे. रंगवल्यानंतर वरवरचा रंग रसायनांनी धुऊन काढण्याचं काम काटेकोर झालं असेल तर धोका कमी. स्वस्त मालात ते झालंय की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. जरीचीही हीच कथा. सुरतेच्या जरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात चांदी-सोन्याची अस्सल, तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेली नकली आणि धातूचा लेप दिलेल्या पॉलिएस्टर पट्टीची प्लॅस्टिक असे प्रकार आहेत. तांब्याचे काठ उघड्या पीव्हीसीला टेकले तर हिरव्या कानाचाच धोका. एवढं सगळं होऊन वर ‘बाहुली हलकी निघाली’ म्हणून दुकानदाराला शिव्या बसतात!

दुसरा भाग जड आणि कडकपणाचा. वजन वाढवणं हा कारखानदाराचा सर्वांत सोपा खेळ आहे. पीव्हीसीत कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूचीच भुकटी, मिसळली की माल स्वस्त आणि जड होतो. प्रमाण वाढलं की तो वाकण्याऐवजी तडकू लागतो. तेव्हा हातात भरीव वाटणारी बाहुली कधी कधी खडू खाऊन जड झालेली असते. कडकपणाबद्दल तर सुरतेने चुकायलाच नको. जगात पैलू पाडले जाणारे बहुतेक हिरे या शहरातून जातात. हिरा हे निसर्गातलं सर्वांत कठीण खनिज. पण ठरावीक प्रतलावर नेमका घाव बसला तर तो दुभंगतो. कच्चा हिरा फोडायची जुनी रीत याच गुणावर चालायची. ओरखडा न उमटणं आणि न तुटणं हे दोन वेगळे गुण आहेत, हे कारखान्यात ज्याला माहीत असतं तोच संध्याकाळी मुलीसाठी कडक बाहुली शोधतो. काउंटरवर आपटून न फुटलेली बाहुली एवढंच सांगते की ती आज आपटून फुटली नाही. पाच वर्षांनी ती काय होईल, हे त्या आपटण्यातून कळत नाही.

तिसरा भाग, ‘जुनं ते सोनं’. ९० च्या दशकात ‘लिओ मॅटेल’च्या नावाने मिळणारी साडीतली बार्बी कोणाच्या तरी शोकेसमध्ये अजून आहे, हे खरं. पण ज्या मोडल्या, रंगल्या, भंगारवाल्याकडे गेल्या, त्यांची मोजदाद कोण करतो? उरलेल्यांकडे बघून गेलेल्यांबद्दल निवाडा देणं हा तर्कदोष आहे. त्यातही ती शोकेसमधली बाहुली बहुधा उरलीच यासाठी की तिला कोणी हात लावू दिला नाही. तिचा टिकाऊपणा आईच्या धाकाचा, प्लॅस्टिकचा नव्हे.

चौथा भाग जरा नाजूक आहे, कारण शिक्का महत्त्वाचा आहे आणि तो पाहूनच खेळणं घ्यावं. खेळण्यांसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२० मध्ये निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएस ९८७३ मालिकेतल्या मानकांप्रमाणे प्रमाणित होणं सक्तीचं झालं. त्यात खेळणं पाडून, पिळून, ओढून पाहतात. विषारी धातू आणि काही थॅलेट प्लास्टिसायझर यांवर मर्यादा आहेत. पण हे सारं सुरक्षिततेसाठी आहे. पाडल्यावर बाहुलीचा हात निघाला, तरी निघालेला तुकडा त्या वयाच्या मुलाला धोकादायक नसेल आणि टोक बोचत नसेल, तर चाचणीच्या दृष्टीने बिघडलं नाही. पोरगं सुखरूप राहील, एवढंच हा शिक्का सांगतो. बाहुली किती वर्षं राहील, हा प्रश्न त्याला विचारलेलाच नाही.

आणि ती पॉलिथिनची पिशवी. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात प्लॅस्टिकच्या जतनावर काम करणाऱ्या इव्हॉन शाशुआ यांच्या प्रयोगांतून दिसलं की मऊ पीव्हीसी काचेच्या बंद भांड्यात ठेवलं तर प्लास्टिसायझर जाण्याचा वेग मंदावतो, आणि पॉलिथिनच्या पिशवीत ठेवलं तर पिशवी तेच द्रव्य शोषून घेऊन बिघाडाला हातभार लावते. म्हणजे जिला आपण कवच समजतो ती पिशवी बाहुलीच्या जिवावर उठलेली असते. काचेचं शोकेस ऊन टाळून ठेवलं असेल तर कितीतरी बरं.

खंडन झालं. मग पारख करायची कशी? दुकानातच होतील अशा काही गोष्टी आहेत. बाहुलीचा हात आडवा करून सोडा आणि तिला हलकेच हलवा. हात स्वतःच्या भाराने खाली येत नसेल तर सांध्यातलं घर्षण योग्य आहे. डावा आणि उजवा हात सारख्याच जोराने फिरले पाहिजेत. नाही फिरले तर साचा किंवा जोडणी ढिसाळ आहे. कोपर पूर्ण वाकवून कडेला पाहा. रंगीत प्लॅस्टिकवर पांढुरकी रेघ उमटली तर तिथे माल ताणला जातोय आणि तडा तिथूनच सुरू होईल. मनगटाची खुंटी किती जाड आहे ते बघा. पायावर पांढरा टिश्यू कागद दाबून धरा. तेलकट डाग पडला किंवा उग्र वास आला तर ती बाहुली नवी असतानाच घाम गाळते आहे. केस बाजूला सारून टाळू पाहा, ओळी दाट आणि सरळ हव्यात, आणि मुळाशी चिकटपणा नको. शेवटी विचारा की डोकं निघतं का, खीळ दिसते का, हात सुटा मिळतो का. उत्तर द्यायला दुकानदार अडखळला तरी बाहुली उत्तर देते.

घरी एक परीक्षा कापडाची. ज्या कातरणाची साडी नेसवायची त्याचा तुकडा पांढऱ्या खोडरबराभोवती घट्ट गुंडाळून सुरतेच्या मे महिन्यात आठवडाभर माळ्यावर ठेवा. रबरावर रंग उतरला तर ते कापड बाहुलीच्या अंगाला लावू नका, किंवा मध्ये पांढऱ्या सुती कापडाचा परकर घाला. बाहुली महिनोन्‌महिने वाकवलेल्या अवस्थेत ठेवू नका. सतत ताणाखाली राहिलेलं प्लॅस्टिक हळूहळू तोच आकार धरतं आणि सांधा सैल होतो.

पूर्वपक्षाचं एक म्हणणं मात्र मला मोडता येत नाही. लहान मुलांच्या हातात मनगटाचा सांधा खरोखर कच्चा असतो. खुंटी बारीक, ओढ जोरदार. शिवाय सुटलेला पंजा तीन वर्षांखालच्या मुलासाठी धोकादायक आहे. ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणी-नळीत जो तुकडा पूर्ण मावतो तो त्यांच्या घशात अडकू शकतो, असं मानक धरून चालतं. त्या वयाला कापडाची बाहुली द्यावी. पण हा युक्तिवाद वयाचा आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलीला किंवा रुखवताच्या ताटापाशी आरती धरून उभ्या करायच्या बाहुलीला तो लागू पडत नाही. कोपर न वाकणाऱ्या बाहुलीच्या हातात ताट देण्यासाठी शेवटी तो हात गरम पाण्यात मऊ करून जबरदस्तीने वळवावा लागतो. न वाकणाऱ्या मालाला असा वाकवायचा आणि मग टिकला नाही म्हणून रडायचं, यात सांध्याचा दोष कुठला?

सांधे मोजू नका, वजन करू नका, काउंटरवर आपटून पाहू नका. उघडा, सारखा फिरणारा, दुरुस्त करता येणारा सांधा असलेली आणि अंग कोरडं असलेली बाहुली घ्या, तिला गडद पॉलिएस्टरपासून, उन्हापासून आणि पॉलिथिनच्या पिशवीपासून दूर ठेवा. ती नाही टिकली, तरच सांध्याला दोष द्यायचा अधिकार आपल्याला मिळेल.